डाव्या मागच्या चाकाचा ठोका

मी जीप बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, घाबरत घाबरत बोलतेय. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला माणसं पोचवणाऱ्या ज्या जीपा तुम्ही रस्त्यावर बघता, त्यांतलीच मी एक. माझा रंग एकेकाळी पांढरा होता. आता तो कुठला आहे ते विचारू नका.

मी जन्मापासूनच भित्री. कारखान्यातून निघाले तेव्हा मला ट्रेलरवर करकचून बांधलं होतं, तरी घाट उतरताना मी इतकी थरथरले की एका बाजूचा आरसा सैल झाला. तो आजतागायत सैलच आहे. लोकांना वाटतं, गाडी म्हणजे लोखंड, तिला कसली आलीय भीती? अहो, तुम्ही पडलात तर एकटे पडता. मला चौदा जणांना पोटात घेऊन पडायचं असतं.

माझे पहिले मालक बारकूमामा. बोलणं बेताचं, आणि गाडी चालवताना तर अजिबात नाही. जरा कुठे करकर झाली की मान वाकडी करून ऐकायचे आणि मला विचारायचे, "काय गो, काय झालं?" चाक बदललं की दोन किलोमीटरवर मुद्दाम थांबायचे आणि खाली उतरून एकेक नट पुन्हा आवळायचे. प्रवासी कुरकुरायचे, "मामा, टाइम होतंय." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. भीती तेव्हाही होती, पण गप्प पडून होती.

मग मामांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या भाच्याकडे, मनोजकडे आले.

मनोज वाईट नाही. मला धुतो, पुसतो, पुढच्या काचेवर गावदेवीचं नाव त्यानंच रंगवून घेतलं. पण दोन वर्षं तो मुरबाडच्या एका कंपनीत पाळीवर होता, तिथे कुणीतरी त्याच्या कानात इअरफोन खुपसला आणि पोरगा कामातून गेला. हेवी मेटल! नाव ऐकून मला आधी वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी आलं. त्यानं दोन स्पीकर बसवले, मागच्या बाकाखाली दणके देणारा बूफर ठोकला आणि पहिलं गाणं लावलं. मला वाटलं माझं इंजिन फुटलं. मागे बसलेली धोंडीबाई कानावर हात ठेवून म्हणाली, "काय दुखतंय रे त्या माणसाला?"

धोंडीबाई मामांच्या वेळेपासूनची. फाट्यावर चढायची आणि नेहमी मागच्या डाव्या बाकावर, चाकाच्या वरच बसायची. हल्ली तिच्या मांडीवर नात असायची, दोन वर्षांची रविना. रविनाची आई शहापूरला एका कँटीनमध्ये कामाला आहे; आजी सकाळी नातीला आईजवळ न्यायची आणि दुपारी घेऊन यायची.

पुढच्या सीटवर साईनाथ. मनोजचा शाळेपासूनचा दोस्त, शहापूरच्या एका दवाखान्यात एक्सरे काढतो. हेवी मेटलचं वेड दोघांनाही. आता वेड एक म्हटल्यावर दोघांचं जमायला हवं की नाही? इथेच तर सगळी गोची.

साईनाथचा लाडका बँड इंग्लंडचा, मनोजचा अमेरिकेचा. नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, म्हणून मी आपली इंग्लंडवाले आणि अमेरिकावाले म्हणते. दोन्हीकडचे गडी आता सत्तरीला टेकले आहेत. केस पिकले, सुया-गोळ्या सुरू झाल्या असतील, पण ह्या दोघांच्या लेखी ते अजून पंचविशीतले.

"तुझ्यांनी केस कापले तवाच ते संपले," साईनाथ म्हणायचा.

"आणि तुझ्यांचा गायक मधी सोडून गेलेला त्याचं काय? सात वर्सं!"

"परत आला ना? आला आणि अजून तीन तास उड्या मारतंय स्टेजवर."

"उड्या मारून बँड मोठा व्हत नाय रे."

हे रोज. बरं, बोलावं तर समोर बघून बोलावं. मनोजला मुद्दा पटवायचा झाला की त्याची मान साईनाथकडे वळते आणि एक हात हवेत जातो. समोरून डंपर येत असतो. कितीदा तरी मी डोळे मिटून घेतले आहेत, म्हणजे मला पापण्या असत्या तर घेतले असते.

दिवाळीनंतरचा एक सोमवार. रस्ता एका बाजूनं काँक्रिटसाठी खोदलेला, धूळ उडत होती. किन्हवलीच्या पुढे माझं डावं मागचं चाक पंक्चर झालं. माणसं उतरून सागाच्या सावलीत उभी राहिली. मनोजनं जॅक लावला, साईनाथनं स्टेपनी गडगडत आणली. तोंडं चालूच होती. त्या दिवशी वाद पेटला होता तो ड्रमरवरून.

"त्याचे पाय बघितलेस का? ह्या वयात!" साईनाथनं चाकाचा पाना उचलला आणि माझ्या पत्र्यावर ड्रम वाजवून दाखवायला लागला.

मनोजनं पाचही नट हातानंच फिरवून बसवले. जॅक खाली घेतला. आता चाक जमिनीला टेकलं की पाना घालून, पाय देऊन नट आवळायचे असतात. पाना साईनाथच्या हातात, आणि साईनाथ इंग्लंडात. तेवढ्यात मागे एसटी येऊन उभी राहिली. एकच बाजू चालू, मी अर्ध्या रस्त्यात. ड्रायव्हरनं हॉर्नवर जो हात ठेवला तो उचलेचना. "चला चला, बसा!" मनोज ओरडला. साईनाथनं पाना सीटखाली फेकला, दारं आपटली आणि आम्ही निघालो.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नट राहिले! मी मनातल्या मनात बोंबलत होते, नट राहिले रे! पण मला तोंड नाही. मला आहे तो फक्त खडखडाट.

पहिला किलोमीटर काही झालं नाही. मग चाक हलकंसं डुलायला लागलं आणि आवाज सुरू झाला. टक्. टक् टक्. मला वाटलं, सुटलो. हा आवाज मामांनी झोपेतसुद्धा ओळखला असता.

वाद मिटवायला मनोजनं नेमकं त्याच क्षणी इंग्लंडवाल्यांचं गाणं लावलेलं. ठोका ऐकून साईनाथ खूश झाला. "हे बघ, हे बघ! डबल बेस! दोन्ही पायांनी ड्रम वाजवतंय! बोललो नव्हतो?"

मनोजनं कान टवकारले. माझा जीव भांड्यात पडला. "हा ठोका गाण्यात बसत नाय," तो म्हणाला. बरोबर, बाबा, बरोबर, पुढे बोल! "म्हातारा ताल सोडतंय तुझा. संपला तो."

"येडा हायस का? लाइव्ह रेकॉर्डिंग हाय ते."

"मंग लाइव्ह चुकला."

मी मदतीला हाक मारत होते आणि ते दोघं तिच्यावर निकाल देत होते. एवढी असहाय मी कधीच झाले नव्हते. पहिला नट निघून धुळीत पडला, तो कुणीच बघितला नाही.

मागून धोंडीबाई ओरडली, "मनोज, माझ्याखाली कायतरी आपटतंय रे!"

"आजी, गाणं हाय ते. बूफर हाय तुमच्याखाली."

"गाणं नाय! बूड हलतंय माझं!"

"रस्ता खराब हाय ना, आजी."

तिनं रविनाला छातीशी घट्ट धरलं. पोर हसत होती, तिला तो हिसका झोक्यासारखा वाटत होता. तिचं ते हसणं ऐकून मी आणखी घाबरले. दुसरा नट गेला. पुढे उतार, उताराच्या पायथ्याशी अरुंद पूल आणि पुलाला एका बाजूचा कठडाच नाही. हे मला पाठ आहे. मी मनोजच्या हातातलं स्टिअरिंग ओढून बघितलं, तर त्यानं ते आणखी घट्ट धरलं.

"परत लाव," साईनाथ म्हणाला. "सुरवातीपासून लाव. कुठं चुकला ते दाखव मला. नाय दाखवलंस तर आजपासून इंग्लंडवाले मोठे, विषय कट."

मनोजनं गाणं पहिल्यापासून लावलं. उतार सुरू झाला. वेग वाढला, तसा माझा ठोका वाढला. दोघंही वाकून ऐकत होते. गाण्यातल्या संथ जागी, जिथे ड्रम नव्हताच, तिथे टकटकटकटक वाजलं.

"मघा इथं नव्हतं," मनोज म्हणाला.

साईनाथनं कान स्पीकरला लावला.

"रेकॉर्ड एकच हाय. मंग दरवेळी वेगळ्या ठिकाणी कसा चुकेल?"

आरशात मला त्याचा चेहरा दिसला. रक्त उतरून तो पांढराफटक पडला होता. त्यानं गाणं बंद केलं.

गाण्याशिवाय तो आवाज उघडा पडला. चौदाच्या चौदा माणसांनी तो ऐकला. साईनाथ पुटपुटला, "नट... आपण नट..." मागे धोंडीबाई देवीचं नाव घ्यायला लागली. मनोजला ब्रेकवर उभं राहावंसं वाटत होतं, ते मला कळत होतं. जोरात दाबला असता तर चाक निखळलंच असतं. पण त्यानं गिअर उतरवला, ब्रेकला नुसता पाय लावला आणि मला सोडत, धरत, सोडत खाली आणलं. तिसरा नट शेवटच्या आट्यावर लोंबकळत होता. मी त्या उरलेल्या दोन नटांना काय काय नवस बोलले, ते मला आठवत नाही.

पुलाच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर, मी थांबले.

सगळे एकेक करून उतरले. मनोज चाकापाशी बसला, त्यानं लोंबकळणारा नट बोटानं धरला तर तो आपोआप हातात आला. साईनाथनं सीटखालचा पाना काढून आणला. धोंडीबाई दगडावर बसली, तिच्या कुशीतली रविना अजून "गाडी, गाडी" करत होती. आजी एवढंच म्हणाली, "मी कवाधरनं सांगतंय रे तुमाला."

ह्याला आता महिना झाला. मनोजनं पाचही नट नवे घातले. चाक बदललं नाही तरी तो रोज सकाळी नट आवळून बघतो, आणि गाणं लावत नाही. साईनाथ आठवडाभर एसटीनं गेला. एकदाच दोघं बोलले, तेही "पाना तुझ्या हातात व्हता" आणि "गाडी तुझी हाय" एवढंच. नंतर तो पुन्हा पुढच्या सीटवर बसायला लागला, पण दोघंही समोर बघून गप्प असतात. मला हेच हवं होतं ना? हवं होतं. पण मनोज मध्येच गाडी हळू करतो आणि नुसता ऐकत राहतो, तेव्हा त्याची भीती माझ्यात उतरते. पूल आला की आम्ही तिघंही श्वास रोखतो.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गाणी खुशाल ऐका, भांडायचं तर खुशाल भांडा, कुठलाही म्हातारा मोठा ठरवा. पण गाडीतलं एखादं माणूस काही वाजतंय म्हणालं, तर आधी गाणं बंद करा.

आज सकाळी फाट्यावर धोंडीबाई उभी होती. महिन्यानं. मनोजनं गाडी थांबवली, उतरून तिच्यासाठी मागचं दार उघडलं. "आजी, रविना कुठं?"

"घरी. शेजारच्या रंजिताकडं ठेवलीय. आधी मी एकटी बसून बघतंय."

ती आपल्या नेहमीच्या जागेवर बसली. आम्ही निघालो. तिनं वाकून चाकावरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि शहापूर येईपर्यंत तो उचलला नाही.