पैलवानाने न घेतलेली गोळी

पैलवानाच्या जिममध्ये मी नोकरी धरली ती त्याला धडा शिकवायलाच. पोटापाण्यासाठी धरली असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि तेही अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण माझ्या घरात उशीला टेकून बसलेलं असायचं. माझी धाकटी बहीण.

धाकटी नाच शिकवायची. बाळंतपणानंतर अंग सुटलं, ते लवकर उतरेना, म्हणून ती पैलवानाकडे गेली. हा गडी आयुष्यात कधी आखाड्यात उतरला नव्हता. दंड बघून लोकांनी नाव ठेवलं आणि त्याने ते पाटीवर रंगवून घेतलं. त्याने तिला ट्रेडमिलवर चढवलं आणि स्वतःच्या नावाची डबी हातात दिली. व्यायामाआधी दोन गोळ्या, चरबी दुप्पट जळणार. छाती धडधडायला लागली तेव्हा तिने त्याला विचारलंही होतं. "इंजिन तापतंय ताई, थांबू नका," तो म्हणाला. ती गुणाची बाई थांबली नाही. पट्ट्यावरच कोसळली. आता तिच्या हृदयाचे ठोके ताल सोडून पडतात, आणि जिना चढताना तिला मध्येच पायरीवर बसावं लागतं. नाच संपला तो संपलाच.

पैलवान भेटायला आला नाही. "तिची प्रकृतीच नाजूक," असं मात्र चारचौघांत सांगत सुटला. मी औषध खात्याकडे तक्रार घेऊन गेले, तर तिथल्या साहेबांनी डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, हे औषध नाही, हा पूरक आहार आहे. दात-ओठ खात घरी आले. त्या दिवशी ठरवलं, याला मी सोडणार नाही.

माझं काम असं, की खेळाडूच्या नाकातोंडावर मास्क बसवायचा, त्याला सायकल मारायला लावायची, आणि आतबाहेर जाणाऱ्या श्वासावरून तो चरबी किती जाळतोय नि साखर किती, ते यंत्रावर बघायचं. पैलवानाने शोभेला तसलं यंत्र घेऊन ठेवलं होतं, चालवणारं कुणी नव्हतं. मी गेले, त्याने लगेच ठेवून घेतलं. बहिणीचं आडनाव सासरचं, माझं माहेरचं. त्याच्या डोक्यात प्रकाश पडायचं काही कारण नव्हतं.

आठवडाभरात त्याची लबाडी कळली. शरीराचा हिशेब सरळ असतो. पोटात गोडधोड असलं की ते आधी साखर जाळतं. रात्रभराच्या उपाशीपोटी सायकल मारली की चरबीकडे वळतं. पैलवान 'गोळीआधीची' चाचणी केळी आणि सरबत ढोसून द्यायचा, 'गोळीनंतरची' कडकडीत उपाशी. मग दोन आकडे शेजारीशेजारी भिंतीवर. त्या गोळीत मूठभर कॉफीचा जोर होता, त्याने चरबी थोडी जास्त जळतही असेल, पण भिंतीवरचा फरक सगळा त्या केळ्यांचा होता. आणि कॉफीखेरीज आणखी काहीतरी होतं, जे डबीवर छापलेलं नव्हतं. ते धाकटीच्या डॉक्टरांना तिच्या रक्तात सापडलं होतं.

स्वतः पैलवान काय घ्यायचा? खिशातल्या वेगळ्या डबीतली गोळी, आत नुसतं पीठ. मी एक फोडून पाहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नव्या डबीच्या उद्घाटनाला त्याने हॉल घेतला. दुकानदार, एजंट, जिमची मंडळी, सगळी गोळा केली. मंचावर सायकल, पैलवानाच्या कॉलरला माइक, मागे मोठा पडदा, त्यावर यंत्राचे आकडे. पहिल्या रांगेत त्याची आई. या काकूंशी माझं काही वाकडं नव्हतं. जिममध्ये यायच्या तेव्हा आम्हा सगळ्यांसाठी चहा आणायच्या, आणि माझ्या कपात साखर कमी हे त्यांना न सांगता आठवायचं.

"आधी जरा पाय मोकळे करा," मी पैलवानाला म्हणाले आणि मास्क बसवला. तो ऐटीत सायकल मारू लागला. 'गोळीनंतरच्या' चाचणीसाठी तो ठरल्याप्रमाणे उपाशीपोटीच आला होता. मी पडदा सुरू केला. चरबीचा आकडा चढत चढत जिमच्या भिंतीवरच्या 'गोळीनंतरच्या' आकड्याला जाऊन भिडला.

पुढच्या रांगेतला एक दुकानदार डोळे बारीक करून बघत होता. "ओ, पण यांनी अजून गोळी घेतलीच कुठे?"

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसले, फार दिवसांनी पोटभर.

पैलवानाने मास्क ओढून काढला. "ही तर नुसती सुरुवात आहे. गोळी घेतल्यावर बघा." त्याचा हात खिशाकडे गेला.

मी तोवर टेबलावरची सीलबंद डबी त्या दुकानदाराच्या हातात दिली होती. "तुम्हीच फोडा. म्हणजे कुणाच्या मनात शंका नको."

त्याने सील फोडून दोन गोळ्या पुढे केल्या. पैलवान त्यांच्याकडे बघत राहिला. एवढा घाम त्याला सायकलवर आला नव्हता.

"माझा डोस घरूनच झालाय," तो म्हणाला.

"मग आत्ता 'गोळी घेतल्यावर बघा' का म्हणालात?" दुकानदाराने विचारलं.

मी माझं नाव सांगणार होते. धाकटीचं सांगणार होते. शब्द पाठ करून आले होते. तेवढ्यात काकू उठल्या. लेकाची फजिती त्यांना बघवेना.

"अरे, त्यात काय एवढं? द्या इकडे, मी घेते." त्यांनी दुकानदाराच्या तळहातावरच्या गोळ्या उचलल्या.

पैलवान सायकलवरून अक्षरशः झेपावला. आईचं मनगट पकडून त्याने गोळ्या हिसकावल्या आणि लांब फेकल्या. "आई, नको. हे घ्यायचं नसतं."

मी काहीही बोलले असते तरी इतकं स्पष्ट झालं नसतं. त्याच्याच तोंडून निघालं, त्याच्याच माइकवर.

"आमच्या गिऱ्हाइकांनी घ्यायचं, आणि यांच्या आईने नाही," मागून कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकू लागल्या.

काकू मनगट चोळत होत्या. "असं काय करतोस? मी रोजच घेते की. तुझ्या कपाटातल्या खोक्यातून. गुडघ्यांवरचा भार उतरावा म्हणून."

"कधीपासून?"

"झाले की दोनेक महिने. तू एवढा गुण सांगतोस, म्हटलं आपणच का नाही?" त्या जरा ओशाळल्या. "हल्ली रात्री धडधडतं थोडं. वयच झालं, म्हटलं."

तो माझ्याकडे वळला. असा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता, धाकटीच्या नवऱ्याचा, ज्या दिवशी तिला दवाखान्याच्या गाडीत घातलं त्या दिवशी. तोच मला इथे बघायचा होता. हेच मागितलं होतं मी, आणि मिळालं तेव्हा ते गोड लागलं. खोटं कशाला बोलू.

"ताई," तो म्हणाला, "आईचे ठोके बघा. प्लीज."

मी काकूंना खुर्चीत बसवलं, बोटाला ठोके मोजणारा चिमटा लावला. मागच्या पडद्यावर आकडा उमटला. बसल्या जागी एकशे बत्तीस, आणि तोही एका जागी राहीना. खाली यायचा, उडी मारायचा, मध्येच हुकायचा.

"वाईट आहे का रे काही?" काकूंनी लेकाला विचारलं. पडदा त्यांच्या पाठीमागे होता.

"ते बंद करा," तो मला हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

मी धाकटीच्या डॉक्टरांना फोन लावला, काकूंचा हात हातात धरला आणि पडदा चालूच ठेवला.