जोडीतला खरखरणारा

मी बोलतोय, मुरबाडच्या लडकू मंडपवाल्याच्या पडवीतला जुना स्पीकर. जरा जवळ येऊन ऐका. हळू बोललो तर मी अजून राजा आहे. मोठ्यानं बोललो की माझी खोड उघडी पडते.

मुंबईच्या एका कारखान्यात आम्ही दोघे भाऊ एकाच दिवशी तयार झालो. माणसाच्या कमरेएवढी उंची, सागवानी अंग, पुढे तपकिरी जाळी. शहापूरच्या एका मास्तरांनी आम्हाला हौसेनं घरी आणलं. रविवारी ते रेकॉर्ड लावून डोळे मिटून बसत आणि कुणी भांडं आपटलं की चिडत. मास्तर गेले, आणि महिन्याभरातच त्यांच्या सुनेला आमची अडचण होऊ लागली. मग लडकूनं आम्हाला टेम्पोत घालून इकडे आणलं.

लडकू वाईट नाही, अर्धवट आहे. एका हळदीत माझा आतला कागदी पडदा फाटला. कारागिराकडे न्यायचं सोडून या बहाद्दरानं त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा भाताच्या खळीनं चिकटवला. भाताच्या मुलखात खळ म्हणजे सगळ्यावर औषध! पावसाळ्यात उंदरांना वास लागला. त्यांनी खळ खाल्ली, कागद खाल्ला आणि जाता जाता पडद्याची कडही कुरतडली. शेजारच्या माझ्या भावाला मात्र ओरखडाही नाही. पुढे डीजेच्या भिंती आल्या आणि आम्ही पेंढ्याआड गेलो.

गेल्या महिन्यात गावातला भाविक हा तरुण त्याच्या बाईजा आत्याला घेऊन आला. बाईजा धवलारीण, म्हणजे धवले ही लग्नगीतं गाऊन लग्नाचे विधी करणारी. पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं तिच्या गळ्यावर लागली. आता त्याच गळ्यात गाठ आली होती आणि डॉक्टरांनी आवाज चढवायला बंदी केली होती. भाविकच्या बहिणीचं, संजीवनीचं लग्न आठ दिवसांवर होतं. आत्यानं हळू गायचं, आम्ही तो आवाज मांडवभर पोचवायचा, आणि पुढेही तिचं गाणं चालू राहावं म्हणून आम्हाला विकतच घ्यायचं, असा त्याचा बेत.

भाविकनं माझ्या डोक्यावर टिचकी मारली. घेणारा प्रत्येकजण कलिंगड घ्यायला आल्यासारखा मला वाजवून बघतो.

"जाळी काढून बघू का, लडकूकाका?"

"नको रे, फाटंल. जुना माल हाय," लडकू म्हणाला आणि त्यानं हळू आवाजात गाणं लावलं. "बघ, लोणी! थोडी दुरुस्ती लागंल. कल्याणला दिलंस का पंधरा दिवसात काम."

"पंधरा दिवस? मग लग्न झाल्यावर देऊ. तवर असंच वाजवू."

"आन् मधी आवाज फाटला तर?" बाईजा म्हणाली. "धवला मधी तुटू नये रे. पोरीला अपशकुन लागतो तो."

भंगारवाला आदल्याच दिवशी मला उचलून वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. गप्प राहिलो तर घर मिळणार होतं. पण माझ्यामुळे संजीवनीच्या लग्नाला गालबोट लागलं असतं.

बाईजानं माइक घेतला आणि हळूच धवला सुरू केला. मास्तर गेल्यापासून माझ्यातून असं कुणी गायलं नव्हतं. मी जीव मुठीत धरून साथ दिली. गाता गाता तिला डॉक्टरांचा विसर पडला आणि आवाज चढला. मला स्वतःला थोडं आवरता आलं असतं. मी नाही आवरलं. खर्रर्र!

"वायर ढिली हाय," लडकू घाईनं म्हणाला.

बाईजानं दोघांच्याही जाळीला कान लावला. "वायर नाय. ह्याचा पडदा गेलाय. तो बरा हाय."

भाविकचं तोंड उतरलं. "म्हंजे नको ना, आत्या?"

"नको कशाला? माझं तोंड एक, डबे दोन कशाला? तो एकच घे."

"मी जोडी नाय फोडत," लडकू म्हणाला.

"मंग ठेव दोनी."

लडकूनं एकदा पेंढ्याकडे बघितलं आणि "एकाचं तरी पैसं येतील," असं पुटपुटला. मग त्यानं भावाची वायर सोडवली.

जीपमध्ये चढवताना भावाला कुणी माझ्याकडे तोंड करूनही ठेवलं नाही. बाईजा मात्र मागे वळली, माझ्या जाळीवर हात ठेवून म्हणाली, "टायमाला बोललास रे बाबा." मला बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं. खरं बोलून मी माझा जन्माचा सोबती घालवला होता.

लग्न पार पडलं. धवला कुठंही तुटला नाही, असं भाविक खुर्च्या परत द्यायला आला तेव्हा सांगत होता. मी भावाबद्दल ऐकायला कान टवकारले होते, पण ते दोघे चहा प्यायला निघून गेले.

शुक्रवारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी कुणी मला बघायला येणार असाल, तर लडकूच्या हळू गाण्यावर जाऊ नका. आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवा. मी खरखरेन, काहीच लपवणार नाही. ते ऐकूनही ज्याला मी हवासा वाटेन, त्यानं मला घरी न्यावं.