पत्राच्या वेळी उभा राहिलेला माणूस

अठरा वर्षं मी एका सिनेमागृहात झाडू मारला. त्या अठरा वर्षांत सगळ्या सिनेमांचे शेवट पाहिले, सुरुवात मात्र एकाचीच. दोन खेळांच्या मधे साफसफाईला वीसच मिनिटं मिळत. म्हणून खेळ संपायच्या दहा मिनिटं आधीच आम्ही दोघी झाडू आणि पोती घेऊन आतल्या दाराशी उभ्या राहायचो. घरी सून म्हणायची, "कोण मेलं ते आईंना विचारा. कशाने मेलं ते विचारू नका."

मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पण एक सिनेमा असा आला, की त्याच्या शेवटाने माझं डोकं पोखरलं.

नदीचा धक्का असतो. नाव सुटायच्या बेतात असते. एक म्हातारी खांद्याला पिशवी लावून नावेकडे चाललेली असते. मागून पिकल्या केसांचा, चांगल्या कपड्यांतला एक माणूस धावत येतो, चिखलात गुडघे टेकतो आणि "ताई" म्हणतो. एकदाच. ती थांबते, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते आणि नावेत चढते. वळूनही बघत नाही. संपला सिनेमा.

पाच आठवडे मी हे रोज पाहिलं आणि रोज त्या बाईवर चिडले. "सख्खा भाऊ गुडघ्यावर आलाय, आणि हिच्या तोंडून शब्द फुटत नाही. काळीज आहे की पाटा?"

माझी जोडीदारीण भराभर चालायची, म्हणून तिला सगळे तुरतुरी म्हणत. ती पोतं झटकत म्हणायची, "अगं, असेल काहीतरी कारण. तू काय त्याच्या बाजूने वकील आहेस?"

"एवढं काय कारण असणार?"

"मला काय विचारतेस? मीही तुझ्याच शेजारी उभी असते की."

पण ते मनातून जाईना. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो माणूस माझ्यापुढे गुडघे टेकायचा. शेवटी सिनेमा उतरायचा दिवस आला. दुपारच्या खेळाचं माझं काम तुरतुरीने अंगावर घेतलं आणि मी खिडकीवर गेले.

तिकीटवाला हसला. "मावशी, तुम्हाला कशाला तिकीट? मागे उभ्या राहा की."

"उभं राहून शेवट बघतात. मला पहिल्यापासून बघायचाय."

सिनेमा सुरू झाला. नऊ-दहा वर्षांची बहीण धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडत होती. आईबाप नव्हते. स्वतः शाळेत न जाता तिने त्याला शाळेत घातलं. मी मनात म्हटलं, एवढं केलंस ना बाई, मग शेवटी एक शब्द का नाही?

माझ्या पुढच्या खुर्चीत एक आडव्या अंगाचा माणूस बायकोला घेऊन बसला होता. त्याच्या घराचं काम चाललेलं असावं, कारण तो फोनवर गवंड्याशी बोलत होता. "न्हाणीघरात खडबडीत फरशी सांगितली होती मी. गुळगुळीत कुणी लावली? उद्या कुणी पडलं तर?" अर्ध्या तासात त्याचं न्हाणीघर सगळ्या प्रेक्षकांना पाठ झालं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, घर घरी जाऊन बांधा!"

"तिकीट काढून आलोय. फुकट नाही."

"मग आम्ही काय भिंतीवरून उड्या मारून आलोय?"

आमचा बॅटरीवाला आला. तो उजेड कधी माणसाच्या तोंडावर टाकत नाही, पायांवर टाकतो. तोंडावर टाकला की भांडण पेटतं, हे त्याला नोकरीने शिकवलेलं. "साहेब, जरा हळू."

"हळूच बोलतोय. तुमचाच आवाज मोठा आहे."

बॅटरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून गेला. मीही काही बोलले नाही. गिऱ्हाइकाशी तोंडाला तोंड द्यायचं नाही, ही आम्हा कामवाल्यांची सवय. तिकीट काढलं तरी ती कुठे सुटते?

पडद्यावर बहीण आता वयात आली होती. तिचं ज्याच्यावर मन, तो नदीपलीकडे कामाला गेला होता. त्याचं पत्र आलं. हिला अक्षर येत नव्हतं, म्हणून शेंगा सोलता सोलता ती सांगत होती आणि भाऊ लिहीत होता. "लिही, मी वाट बघतेय. एक वर्ष लागो, दोन लागोत." भावाने लिहिलं, आणि तो कागद सगळ्या पडद्यावर पसरला.

मी वाचायला शिकले ती पंचावन्नाव्या वर्षी, नातीच्या पुस्तकावरून. मला एकेक शब्द सोडवत जावं लागतं. "तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं..." इथवर मी पोचले आणि पुढचा माणूस उभा राहिला. बसून त्याला नीट ऐकू येत नव्हतं म्हणे. त्याचं डोकं बरोबर पत्राच्या मधोमध. "हॅलो? हॅलो? खडबडीत! खड-बडीत!"

आजूबाजूची माणसं "अरेरे" म्हणाली, ते न्हाणीघराला नव्हे. त्यांनी काहीतरी वाचलं होतं. तो खाली बसला तेव्हा भाऊ पाकीट चिकटवत होता.

पुढे बहीण धक्क्यावर जाऊन उभी राहू लागली. उन्हाळा गेला, थंडी गेली. तो काही आला नाही. का आला नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. पाच आठवडे थांबून मी आले होते, आणि नेमकं तेच हुकलं होतं. उद्या सिनेमा नसणार. तेवढ्यात पुढच्या माणसाचा फोन पुन्हा वाजला.

मी त्याच्या खुर्चीच्या पाठीवर टकटक केलं. "दादा, फोन ठेवा."

"का? तुम्ही कोण?"

"इथली झाडूवाली. या सिनेमाचा शेवट मी शंभर वेळा पाहिलाय. फोन घेतलात तर आत्ता तुमच्या कानात सांगेन."

त्याच्या बायकोने झटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. "अहो मावशी, नका हो! सांगायचाच तर यांना एकट्याला सांगा. पण हळू."

"सांगा ना," तो म्हणाला. "मला काय फरक पडतो?"

"ऐका तर. शेवटी नदीच्या धक्क्यावर तो भाऊ..."

"ए मावशी!" चार रांगा एकदम ओरडल्या. माझ्या शेजारची मुलगी माझा हात धरून बसली. मागचा तो मघाचा माणूस म्हणाला, "अहो फरशीवाले, तुमच्या पाया पडतो, फोन बंद करा. बाईंचा काही भरवसा नाही!"

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. फोन वाजतच होता. बायकोने तो त्याच्या हातातून काढला, बंद केला आणि पर्समध्ये टाकून पर्सवर हात ठेवून बसली. मलाही जरा लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं दुसऱ्यांचा कचरा उचलला, आज गोंगाट मीच केला होता.

मध्यंतरात तो मागे वळला. आवाज खाली आलेला. "मावशी, शेवट खरंच माहीत आहे?"

"आहे. पत्रात काय होतं ते माहीत नाही. तुमचं डोकं मधे आलं."

तो गडबडला. "माझंही लक्ष नव्हतं." मग बायकोला म्हणाला, "काय होतं गं पत्रात?"

"मला दिसलं. मी कडेला होते ना," ती म्हणाली. "ताईने सांगितलं होतं, वाट बघतेय म्हणून लिही. त्याने लिहिलं, माझं लग्न ठरलंय, तू परत येऊ नकोस."

"का?" मी विचारलं.

"ती गेली असती तर त्याचं कोण करणार होतं?"

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत माझीही पत्रं दुसऱ्यांनीच लिहिली. मी सांगायचे, ते मान हलवायचे, आणि मी खाली अंगठा उठवायचे. त्यांनी काय लिहिलं असेल, हे मी कधी मनातही आणलं नव्हतं.

दुसऱ्या भागात पुढच्या खुर्चीतून चूं नाही, चां नाही. भाऊ मोठा झाला, साहेब झाला. बहीण त्याच्याच घरी राबत म्हातारी झाली. एक दिवस पलीकडून आलेल्या नावाड्याने तिला सांगितलं, की तो माणूस लग्नावाचून राहिला आणि तिचं लग्न ठरल्याचं ते पत्र मरेपर्यंत खिशात घेऊन फिरला. तिने आरडाओरडा केला नाही. पिशवी भरली.

मग धक्का आला, चिखल आला, गुडघे आले. "ताई." तिने पिशवीचा खांदा बदलला. या वेळी मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. नाव दूर जाईपर्यंत मला काहीच बोलावंसं वाटलं नाही.

दिवे लागले. पुढचा माणूस उठला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला होता.

"मावशी," तो म्हणाला, "बोलली असती एक शब्द, तर तिचं काय बिघडलं असतं?"

"तिचं काही नाही," मी म्हटलं. "त्याचं बरं झालं असतं, एवढंच."

बायकोने पर्स उघडून फोन पुढे केला. त्याने तो घेतला नाही.