अंगणातल्या दोन बोटी

बोटी पाहून परत येताना आम्ही दोघं गाडीत गप्प होतो. भांडण झालं नव्हतं. ह्यांना लहान बोट हवी होती, मला मोठी, आणि आपलं खरं कारण दोघांनीही पोटात ठेवलं होतं.

बोटी कशा होत्या ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दोन्ही एकाच घाटाच्या. अशा बोटीला सेंटर कन्सोल म्हणतात. चालवायचं चाक बरोबर मधोमध, छातीइतक्या उंच खोक्यावर बसवलेलं असतं. त्याच्यामागे उभं राहून बोट हाकायची. वर छप्पर नाही, खाली खोली नाही. खोक्याच्या दोन्ही बाजूंनी वाट सोडलेली असते, त्यामुळे माणूस बोटीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत फेरी मारू शकतो. एक बोट अठरा फुटांची, दुसरी चोवीस. ऐकायला फरक सहा फुटांचा, पण शेजारी उभ्या केल्यावर वासराशेजारी गाय उभी असावी तशा दिसत होत्या.

"आजी, मोठीच घ्या," विकणारा म्हणाला. "नातवंडंबितवंडं सगळी मावतील."

"आम्हाला एकच नात आहे," हे म्हणाले. "आणि ती कुठेही मावते."

ती म्हणजे भिंगरी. आमच्या लेकीची लेक, वय वर्षं आठ. सुट्टीला आमच्याकडे आली होती. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी.

ह्यांनी सगळा जन्म औषधांच्या दुकानात काढला. आठवड्यातून एका सकाळी दुकान उशिरा उघडायचं आणि आपल्या जुन्या लाकडी बोटीतून एकट्याने पाण्यावर जायचं, हा त्यांचा नेम. दुकान सुटलं तरी नेम सुटला नाही. ह्या वर्षी ती बोट मात्र इतकी गळू लागली की मासे पकडण्यापेक्षा पाणी उपसण्यातच सकाळ जायची. म्हणून नवी घ्यायची ठरली.

लहान बोट का, तर हे म्हणायचे, पेट्रोल कमी लागतं, धुवायला सोपी. मोठी का, तर मी म्हणायचे, लाटांवर कमी आपटते, लेक-जावई आले तर सगळ्यांना जाता येतं. माझ्या मनात मात्र गेल्या वर्षीचा जिना होता. घेरी येऊन हे जिन्यात पडले होते.

"पडलो नव्हतो, बसलो होतो," हे अजूनही म्हणतात.

"डोकं खाली आणि पाय वर करून कोण बसतं?"

"मी."

अशा माणसाला पाण्यावर एकटं कसं सोडायचं? मोठी बोट एकट्याला आवरत नाही, दुसरा माणूस लागतोच. माझं गणित एवढंच होतं.

मी शाळेत लहान वर्गांना शिकवत असे. जे फळ्यावर समजत नाही ते जमिनीवर, खऱ्या मापाचं काढायचं, ही माझी जुनी पद्धत. एकदा मैदानभर देवमासा काढून अख्खा वर्ग त्याच्या पोटात उभा केला होता. फूट आणि मीटर मुलं विसरली असतील, पण त्या पोटात किती जागा उरली होती ते कोणी विसरलं नसेल. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी खडू आणि मोजपट्टी घेऊन मागच्या अंगणात उतरले. भिंगरीने पट्टीचं एक टोक धरलं. लहान बोट पांढऱ्या खडूने काढली, मोठी निळ्याने. चाकाच्या जागी दोन्हींत एकेक स्टूल ठेवलं आणि त्यावर पातेल्याचं झाकण.

हे चहाचा कप घेऊन दारात आले. "परीक्षा कुणाची?"

"तुमची," मी म्हटलं. "एकट्याने बोट धक्क्याला लावून दाखवायची. चाक सोडायचं, पुढच्या टोकाला जायचं आणि धक्क्याच्या खुंटाला दोर अडकवायचा."

"धक्का कुठाय?"

धक्का म्हणजे आमचा लाकडी बाक. आता खडूची बोट काही वाऱ्याने वाहत जात नाही. त्यावर भिंगरीनेच तोड काढली. "बोट नाही ना हलत? मग मी धक्का हलवते! मी वारा!" नियम असा ठरला, की चाकाजवळ कोणी नसेल तेव्हा वाऱ्याने बाक मागे ओढायचा. लहान बोटीला वारा कमी लागतो, तिथे हळू ओढायचा. मोठीला जोरात.

हे आधी पांढऱ्या बोटीत उभे राहिले. झाकण फिरवलं, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला, झाकण सोडून चार ढांगांत पुढे गेले आणि बाक सरकायच्या आत त्याच्या पायाला दोर अडकवून मोकळे झाले. "घ्या!"

मग निळी बोट. खोक्याला वळसा घालून हे पुढे पोचले तोवर वाऱ्याने फूऽऽ करत बाक कपड्यांच्या दोरीपर्यंत नेला होता. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बाक पेरूच्या झाडाला टेकला आणि वारा हसून हसून खाली बसला.

"पाहिलंस?" हे धापा टाकत मला म्हणाले. "मोठी मला एकट्याला झेपत नाही."

"म्हणूनच तर ती घ्यायची!" माझ्या तोंडून निघून गेलं.

हे थांबले. दुकानात एखाद्याने डॉक्टरांची चिठ्ठी नसताना भलतं औषध मागितलं की जसं बघायचे, तसं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे लेक-जावयाचं निमित्त होतं."

"होतं."

"मी एकटा जाऊ नये म्हणून."

"तुम्ही जिन्यात पडलात."

"बसलो!"

भिंगरी एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मोठ्या माणसांचं भांडण लांबू लागलं की मुलांना आपला खेळ बुडायची चिंता पडते. "मग आजोबा, आता बोटीत पडा ना," ती म्हणाली. "आजी बोट आणेल. आता आजीची पाळी."

हे खरंच निळ्या बोटीच्या एका वाटेत आडवे झाले. मी झाकण धरलं. मनात म्हटलं, आता दाखवते. झाकण फिरवलं, सोडलं आणि पुढे निघाले, तर वाटेत हेच. साडी सावरत त्यांना ओलांडेपर्यंत बाक कपड्यांच्या दोरीपाशी. दुसऱ्यांदा पलीकडच्या वाटेने गेले, तर दोर ह्यांच्या पाठीखाली अडकलेला. तिसऱ्यांदा दोर हातात घेऊन पळाले, तरी वारा पुढेच.

"अगं, आधी वाऱ्याच्या दिशेला तोंड—"

"आजोबा, तुम्ही बेशुद्ध आहात! बोलायचं नाही."

ह्यांनी निमूटपणे डोळे मिटले. मी निळ्या रेघेत उभी होते, दम लागला होता. माझं गणित पायरीपायरीने बरोबर होतं, उत्तर मात्र चुकलं होतं. मोठ्या बोटीत मी ह्यांच्यासोबत असते, पण ह्यांना काही झालं तर मला बोट किनाऱ्याला आणता आली नसती. दोघंही वाहत गेलो असतो, एवढंच.

"आता पांढऱ्या बोटीत पडा," मी म्हटलं.

तिथे चाकाजवळ उभी असताना माझं पाऊल ह्यांच्या खांद्याला लागत होतं. पहिल्यांदा बाक निसटला. दुसऱ्यांदा मी दोर आधीच मनगटाला गुंडाळला, झाकण सोडलं, धावतच पुढे गेले आणि बाक धरला. वाऱ्याने दात-ओठ खाऊन ओढला, पण मी सोडला नाही.

"आणली! आजीने आजोबांना आणलं!" वारा नाचायला लागला.

"शुद्धीवर येऊ का?" ह्यांनी विचारलं.

मी बाकावर बसले. हे उठून शेजारी आले, शर्टाला निळा-पांढरा खडू लागलेला. "लहानच घेऊ," मी म्हटलं.

"पण?" ह्यांना माझे 'पण' बोलायच्या आधी ऐकू येतात.

"पण मी दर वेळी येणार. आणि तुम्ही मला चालवायला शिकवायचं. खऱ्या चाकावर."

ह्यांनी शर्टावरचा खडू झटकला. मग हळूच म्हणाले, "सगळा जन्म काउंटरमागे उभा राहिलो. लोक औषध मागता मागता काय काय सांगायचे. खोकला, सुनेचं वागणं, रात्रीची झोप. सगळं ऐकलं, वाईट नाही वाटलं कधी. पण पाण्यावर कोणी काही सांगत नाही गं. तेवढ्यासाठी जायचो."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, माशांसाठी.

"मी कुठे काही सांगणार आहे?" मी म्हटलं.

"आजी, तू झोपेतपण सांगतेस," भिंगरी म्हणाली.

हे हसले नाहीत. आत गेले, मला वाटलं रागावले. थोड्या वेळाने फोनवर बोलताना ऐकू आले. "हो, लहान. आणि हे पहा, चाकाच्या मागे पायाखाली फळी बसवून द्या. चालवणारी व्यक्ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे."

भिंगरी घरी गेल्यानंतरच्या आठवड्यात बोट आली. शिक्षक म्हणून हे अगदीच कच्चे. एका दमात पाच गोष्टी सांगायचे आणि सहावी चुकली की "अगं!" म्हणून ओरडायचे. "एका वेळी एकच सांगा," मी म्हटलं, "आणि मी ती करेपर्यंत थांबा. मुलंसुद्धा अशीच शिकतात." मग ह्यांनी एकेक सांगितलं. वेग कमी. चाक सरळ. आता तिकडच्या झाडावर नजर ठेव. धक्का मी दोनदा ठोकला. तिसऱ्या फेरीला हे म्हणाले, "बरं जमतंय," आणि मला चाकाशी सोडून पुढच्या टोकाला जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून.

तिथून समोर फक्त पाणी दिसतं. मागची बोट, मागची माणसं, काहीच नाही. मी इंजिन अगदी मंद ठेवलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. लेकीचा फोन आला होता, डाव्या हाताला एक बगळा उभा होता, माझी टाच फळीवरून सारखी घसरत होती. सगळं गिळलं. ह्यांचे खांदे हळूहळू खाली आले. पूर्वी दुकान बंद करून आल्यावर उंबरठ्यातच तसे यायचे.

बगळा मागे पडला. पाणी तेवढंच शांत होतं.

"झोपलीस की काय?" हे मागे न वळता म्हणाले.

"चाक धरून कोण झोपतं?"

"मग बोलत का नाहीस?"

"तुम्हाला शांतता हवी होती ना?"

"मला गप्प बसायचंय," हे म्हणाले. "तू कशाला गप्प?"

मग मी लेकीच्या फोनपासून सुरुवात केली, आणि हे पाठमोरे बसून ऐकत राहिले.