वास नसलेला माणूस

हरणांना माणसाचा वास येऊ नये म्हणून आर्विड कांगासने पंधरा दिवस साबण लावला नव्हता. खायचा सोडा चोळून तो आंघोळ करी, शिकारीचे कपडे देवदाराच्या डहाळ्यांबरोबर पेटीत कोंबून ठेवी, आणि आज तर त्याने कॉफीही सोडली होती. उत्तर मिशिगनमध्ये माणूस कॉफी घेईनासा झाला की शेजारी आधी तब्येतीची चौकशी करतात. पण आर्विडपुढे इलाज नव्हता.

त्यांच्या शिकारीच्या कॅम्पचा नियम त्याच्या आजोबांनी घालून दिलेला होता. सलग तीन मोसम ज्याला हरीण मिळणार नाही, त्याने आपलं लपण, म्हणजे दबा धरून बसायची जागा, सोडायचं, एप्रन बांधायचा आणि बाकीच्यांसाठी रांधायचं. आधीचा स्वयंपाकी सुटतो आणि ते लपण त्याच्याकडे जातं. आर्विडचा हरणाविना हा तिसरा मोसम होता, आणि आज तीस नोव्हेंबर, म्हणजे मोसमाचा शेवटचा दिवस. त्याला त्या एप्रनची मनापासून भीती वाटत होती. सदुसष्टाव्या वर्षी बंदूक खाली ठेवली की ती पुन्हा कुणी हातात देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

कॅम्पातल्या चौघांपैकी सध्याचा स्वयंपाकी रूडी, म्हणजे आर्विडच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चार वर्षं तोच चुलीशी होता. रोज पहाटे तो आर्विडला दारापर्यंत सोडायला येई, जोरात हुंगून बघे आणि सांगे की आज तर तू अगदी मेल्यासारखा स्वच्छ आहेस.

आर्विडचं लपण म्हणजे प्लायवूडची खोली, एका माणसापुरती. समोर वीतभर उंचीची खिडकी, खाली सतरंजीचा तुकडा, म्हणजे बुटांचा आवाज नको. पहाटेपासून तो त्यात असा बसला होता की एक चिमणी खिडकीत येऊन त्याच्याकडे बघून, काही विशेष नाही असं ठरवून निघून गेली. त्याला बरं वाटलं.

बाराच्या सुमारास बर्फात पावलं वाजली. मोठा नर होता, चालण्यावरूनच कळत होतं. तो लपणाच्या मागून आला, थांबला, आणि उजव्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. प्लायवूड किंचित आत आलं. आर्विडच्या खांद्यापासून हरणाची पाठ बोटभर अंतरावर होती आणि त्याच्या रवंथाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. खिडकी मात्र समोर होती. उजव्या बाजूला खिडकी ठेवायचं त्याला कधी सुचलं नव्हतं.

तो उठून पुढे येईल म्हणून आर्विड बसून राहिला. एक वाजला, दोन वाजले. पाय मेले, लघवीला लागली, पण तो हलला नाही. लपायचं म्हणतात ते याहून चांगलं कुणाला जमलं नसतं. फक्त उपयोग काही होत नव्हता.

तीन वाजता पायवाटेवरून रूडी आला. डोक्याला नारिंगी टोपी, कोटावर एप्रन, हातात सुपाचा डबा, आणि बेकनचा वास त्याच्या दहा पावलं पुढे. आर्विडने मनातल्या मनात त्याला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. हरीण उठलं. पळालं नाही. ते सरळ खिडकीसमोरून चालत रूडीकडे गेलं आणि त्याने एप्रनच्या खिशात तोंड घातलं.

आर्विडने बंदूक उचलली, पण नळी खालीच ठेवली. माणूस मध्ये असताना ती वर करायची नाही, एवढं तो लहानपणीच शिकला होता.

"बाजूला हो," तो हळूच म्हणाला.

"मला म्हणतोस की याला?"

"तुला."

रूडी हलला नाही. हरीण खिशातली सफरचंदाची सालं खात राहिलं.

"हा रोज येतो?" आर्विडने विचारलं.

"भांडी झाली की. मागच्या दाराशी."

"आणि मी इथे सोडा चोळून बसलोय! बोलला का नाहीस?"

"तुम्ही तिघं मला मीठ कमी आहे एवढंच सांगता," रूडी म्हणाला. "हरणांचं कुणी विचारलं नाही."

आर्विडने मग नियम काढला. गोळी झाडली नाही तर उद्या एप्रन माझा आणि ही खोली तुझी, हे तुला कळतंय ना? पुढच्या वर्षी तू इथे बसशील, आणि चुलीशी मी असेन. एका गोळीत दोघांचंही भागतं, फक्त दोन पावलं सरक.

रूडीला ते कळत होतं. त्याचा चेहरा उतरला, आणि आर्विडला पहिल्यांदाच दिसलं की चार वर्षांत या माणसाने सुटका कधी मागितलीच नव्हती. आपण कधी विचारलंच नाही, याची आर्विडला लाज वाटली.

रूडीने हरणाच्या मानेवरून हात फिरवला. मग एप्रनची गाठ सोडून तो खिडकीजवळ आला आणि त्याने एप्रन आत सरकवला. हरीण त्याच्या मागेमागे आलं.

"सालं जाड काढत जा," तो म्हणाला. "आणि दुपारी उशीर करू नकोस. तो वाट बघतो."