बंधाऱ्याखालचा मासा

"हेर ब्रुगर, तुम्हाला शेवटचा मासा कधी मिळाला हो?"

पुलाच्या कठड्यावरून ओणवून शमिकाने हा प्रश्न खाली ओढ्यात सोडला. मागे यूले आणि एलिफ एकमेकींच्या जॅकेटात तोंड खुपसून खुसखुसत होत्या. पैज त्यांचीच. जर्मनीतल्या त्यांच्या गावात दरवर्षी मार्च लागला की हा म्हातारा बसस्टॉपशेजारच्या पुलाखाली कमरेइतक्या पाण्यात उभा असायचा, लांबलचक काठीने हवेत दोरी मागेपुढे झुलवत. त्याच्या हातात मासा कुणी म्हणून कधी पाहिला नव्हता. पण तोंडावर विचारणार कोण? शमिका! महिन्यापूर्वी तिने अख्ख्या शाळेसमोर न अडखळता भाषण ठोकलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या अंगात जे संचारलं होतं ते उतरायचं नावच घेत नव्हतं.

म्हातारा रागावला नाही. काठी काखेत धरून त्याने आठवल्यासारखं केलं.

"दोन हजार नऊ. चौदा एप्रिल. मंगळवार होता."

"म्हणजे सात वर्षं?"

"गेनाऊ. बरोब्बर."

मागचं खुसखुसणं थांबलं. पैज जिंकूनही शमिकाला जिंकल्यासारखं काही वाटेना. बस आली, मैत्रिणी चढल्या, आणि ही बाई पुलाच्या पायऱ्या उतरून थेट काठावर.

"मग रोज येता कशाला?"

म्हाताऱ्याने सांगितलं ते असं. या ओढ्यात जन्मलेले काही मासे वाहत जाऊन बोडनझेमध्ये, त्या समुद्राएवढ्या तळ्यात, वाढतात. तिथे ते चांदीसारखे चकचकीत होतात, आणि वसंतात अंडी घालायला उलटे वर चढून येतात. अमेरिकेतले गळवाले त्यांना स्टीलहेड म्हणतात, हा म्हातारा म्हणायचा 'चंदेरी'. वर लाकूड कापायच्या जुन्या गिरणीचा बंधारा आहे, तिथे त्यांची वाट संपते. गळवाल्यांच्या मंडळाने मागणी केली होती की बंधाऱ्याला माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या करून द्या. जिल्हा कार्यालयाने कळवलं, तळ्यातला मासा अजून बंधाऱ्यापर्यंत येतो हे आधी दाखवा. एप्रिलअखेरपर्यंत एक जरी दाखवलात तरी विचार करू. नाहीतर फाइल बंद.

"मंडळातले बाकीचे कुठायत?"

"दोघं वारले. उरलेले टीव्ही बघतात." त्याने उजवा खांदा चोळला. "आणि माझी दोरी आता निम्म्या ओढ्यापलीकडे जात नाही. मासा मात्र पलीकडच्या काठानेच चढतो."

"एक मासा?" शमिका म्हणाली. "बस्स? एकच? हेर ब्रुगर, माझे दोन्ही खांदे एकदम ओके आहेत!"

पंधरा वर्षांच्या मुलीला राटहाउसमधून, म्हणजे गावाच्या नगरपालिकेतून, गळाचा परवाना मिळतो, फक्त आईबाबांची सही लागते. बाबा, म्हणजे पद्माकर, गिअरबॉक्सच्या कंपनीत इंजिनिअर. त्यांनी फॉर्म असा वाचला जणू त्यातही एखादं चाक उलटं बसवलं असेल.

"मीनल, ही मासे धरायला निघालीय."

ज्या घरात केकसुद्धा बिनअंड्याचा होतो त्या घराच्या ओट्यापाशी आईचा हात थांबला. "काय धरायला?"

"पुरावा म्हणून, आई! ओढा वाचवायचाय."

"म्हणजे धरायचा आणि सोडून द्यायचा ना?"

"हो, हो," शमिका म्हणाली, आणि तेव्हा तिला खरंच तसं वाटत होतं.

"अहो, करा सही. पण शमे, एक ऐकून ठेव. मासा या घरात यायचा नाही. वासही नाही."

खरं काय ते ब्रुगरांच्या पहिल्याच धड्याला कळलं. इथल्या कायद्याने मासा म्हणजे खेळणं नव्हे. भरल्या मापाचा मासा गळाला लागला तर तो मारून खायचा. खायचा नसेल तर पाण्यात गळ टाकायचाच नाही. शमिकाने हे ऐकलं, गिळलं, आणि घरी चकार शब्द काढला नाही. आधी लागू तर दे!

मग सुरू झाले ते तीन आठवडे. शाळेआधी एक तास, शनिवार-रविवार सबंध सकाळ. ब्रुगरांची जुनी रबरी विजार तिच्या काखेपर्यंत यायची. पाणी असं गार की पाय आपले आहेत हे नुसतं धरून चालायचं.

"मागे झुलव. थांब. आता पुढे. तू थांबतच नाहीस!"

"थांबले की!"

"ते थांबणं नव्हे, ती उचकी होती."

दोरी झाडाला लागायची, ब्रुगरांच्या टोपीला लागायची, एकदा तर पुलावरून चाललेल्या एलिफच्या दप्तराला लागली. हळूहळू मात्र ती पलीकडच्या काठाला अलगद पडू लागली. आडवी टाक, वाहू दे, दोन पावलं खाली सरक, परत टाक. दिवसाला दोनशे वेळा. मासा नाही. मासा सोडा, माशाची सावलीही नाही.

गळाला बांधायची ती 'माशी' ब्रुगर स्वतः करायचे, पिसं आणि दोरा गुंडाळून. त्यांच्या डब्यातल्या मोरपिसांना कसर लागली होती.

"मोराचं पीस? आमच्या देवाकडे आहे की!"

दोन दिवसांनी घरात आरडाओरडा झाला. "अहो, बाळकृष्णाचं मोरपीस बघितलंत का? नुसता डोळा उरलाय!"

"हीटिंगने झडलं असेल," पेपरातून बाबा म्हणाले.

त्या मोरपिसाच्या माशीला मासा लागला. तेवीस एप्रिल, शनिवार, सकाळचे नऊ. दोरी वाहता वाहता एकदम थांबली, दगडात अडकल्यासारखी, आणि मग दगडच वरच्या अंगाला पळत सुटला. "आला! आला! अहो, आला!" शमिका सगळं मराठीत ओरडत होती आणि ब्रुगरांना सगळं कळत होतं. पाण्याबाहेर उसळला तेव्हा तो माणसाच्या हाताएवढा लांब, नुसता लखलखाट, कुशीवर फिकट गुलाबी पट्टा. ब्रुगर जाळी घेऊन छातीपर्यंत पाण्यात घुसले. बाहेर आले ते मासा घेऊनच. फूटपट्टी लावली, एकसष्ट सेंटिमीटर.

मग त्यांनी खिशातून छोटा लाकडी दांडू काढून तिच्यापुढे धरला.

"तुम्ही करा ना."

"मासा तुझा आहे."

दोन घाव. पहिला नीट बसला नाही, म्हणून दुसरा. ब्रुगरांनी गवतावर त्याचं पोट चिरलं आणि तसेच थांबले. आत नारिंगी मोत्यांसारखी अंडी, ओंजळी भरतील इतकी. सात वर्षांनी वर आलेली ती एकटीच होती, आणि ती वर निघाली होती ती ह्यासाठी.

"पण आता पायऱ्या होतील ना?" शमिका म्हणाली.

ब्रुगर बराच वेळ हात धूत राहिले.

सोमवारी दोघं बसने जिल्हा कार्यालयात गेली. तिथल्या बाई खूप चांगल्या होत्या, हेच वाईट. त्यांनी फोटो कौतुकाने बघितले, मोठे करून बघितले.

"फारच सुंदर. पण ही रेगेनबोगनफोरेले आहे, इंद्रधनुषी ट्राउट. मूळची अमेरिकेतली, इथे आणून सोडलेली. आमच्या यादीत फक्त तळ्यातली मूळची ट्राउट धरली जाते."

"पण ही तळ्यातूनच आली! बंधाऱ्यापर्यंत आली!" शमिका म्हणाली. "हे मासे इथे कधीपासून आहेत?"

"सव्वाशे वर्षं तरी."

"तरी इथले नाहीत?"

"आल्झो, म्हणजे, नियमाच्या दृष्टीने, नाही." बाई हसल्या. "तू जर्मन मात्र किती छान बोलतेस."

शमिका याच जिल्ह्यातल्या इस्पितळात जन्मली होती. एरवी तिने हे ठणकावून सांगितलं असतं. भाषणात तिने 'जर्मन छान बोलतेस' म्हणणाऱ्या अशाच लोकांची रेवडी उडवली होती, सभागृह हसलं होतं. बाईंनी फॉर्मवर एक चौकोन फुलीने भरला आणि फाइल मिटली.

परतीच्या बसमध्ये तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"कुठला मासा आहे ते माहीत होतं. मला वाटलं, तळ्यातून वर आलाय एवढं पुरेल."

"आणि तो त्यांच्या यादीतला? तो कधी पाहिलात?"

"मी? कधीच नाही. माझ्या वडिलांनी पाहिला होता." खिडकीतून सफरचंदांच्या बागा मागे पडत होत्या. "काठी तू घेऊन जा. मी उद्यापासून येत नाही."

"मग तो मासा?"

"फ्रिजमध्ये आहे. बागेत पुरेन. माझ्या घशाखाली नाही उतरणार."

पुलापाशी उतरल्यावर तिने वाकून बघितलं. पाणी वाहत होतं, त्यात कुणी उभं नव्हतं. यूलेचा मेसेज आला होता, 'मग?? जिंकलात का?' तिने फोन खिशात टाकला आणि ब्रुगरांच्या मागोमाग त्यांच्या स्वयंपाकघरात गेली.

घरी पोचली तेव्हा आई भाजी निवडत होती, बाबा नुकतेच ऑफिसमधून आले होते. शमिकाने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबोडकं पुडकं आणि ब्रुगरांचा बिडाचा तवा ओट्यावर ठेवला. वास आधी आईला आला.

"शमे! हे काय आहे? सोडून देणार होतीस ना?"

एरवी ती आईबाबांना जर्मनमध्येच उत्तर द्यायची. आजची वाक्यं मात्र तिने वाटेवरच मराठीत जुळवून ठेवली होती.

"नाही सोडता येत. मी खोटं बोलले. बाळकृष्णाचं मोरपीसही मीच घेतलं." तिने बाह्या वर सारल्या. "आई, बाबा, मी ठरवलंय. हिला मी मारलं, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही. म्हणून मी हिला खाणार आहे. आपल्याच घरात, याच ओट्यावर शिजवून. तुम्ही बाहेर जाऊन बसलात तरी चालेल."