शिडी ठेवली हो!

मी शिडी बोलतेय. अर्धी शिडी म्हणा हवं तर. उरलेली अर्धी कुठे आहे, ते मलाही ठाऊक नाही.

एका वेल्डरने फाटकांच्या कामातून उरलेले लोखंडी पाइप जोडून मला घडवलं आणि घराबाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं. साखळी नाही, कुलूप नाही. गल्लीत ज्याला लागेल त्याने दारातून हाक मारायची, "शिडी नेतोय!" वेल्डरची बायको हातातलं काम न सोडता आतून म्हणायची, "ने!" परत आणली की, "ठेवली हो!" एवढ्या हाकांवर माझा सगळा कारभार चालायचा. काय ऐट होती माझी! माझ्यावाचून गल्लीतला एक दिवा बदलला जात नव्हता की एक टाकी धुतली जात नव्हती.

वेल्डरचा मुलगा माझ्यावर असा सरसर चढायचा की त्याचं नावच खारू पडलं. वेल्डर वारला आणि खारू रंगारी झाला. मीच त्याची जोडीदार.

कामावरच्या कुणीतरी त्याला क्रिस्टल नावाच्या नशेचे पांढरे खडे दिले. "ओढून बघ, थकवा नावालाही राहणार नाही." खरंच राहिला नाही. झोपही गेली, भूकही गेली. घरातला पंखा उगाचच खोलून बसायचा आणि तसाच टाकून उठायचा. गालफडं बसली, दात किडले. आईने काही विचारलं की तिच्याच अंगावर धावून जायचा. शेजारच्या नळवाल्याचा भाऊही त्याच नादाला लागला. मग गल्लीतले नळ, पंपाच्या तारा नाहीशा होऊ लागल्या. माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागली, भरदुपारी दारांना कड्या लागल्या. मी मात्र बाहेरच होते. मला कोण नेणार, असं खारूच्या आईला आणि मला वाटायचं.

एका सकाळी खारूने हाक दिली, "आई, शिडी नेतो गं!"

"ने रे बाळा, ने!" पोरगा पुन्हा कामाला लागला म्हणून ती हरखली. वेडी मी, मीही हरखले.

त्याने मला थेट भंगारवाल्याकडे नेलं. भंगाराच्या टेम्पोत मावेना म्हणून तिथे मला मधोमध कापलं. खारू जवळच उभा होता, पण त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. याच्या वजनाखाली मी कधी जराही डगमगले नव्हते हो!

नळवाल्याने भंगारात माझा हा तुकडा ओळखला आणि घरी आणला. "काकू, चोरीला गेली होती ना?"

"चोरी कसली," ती म्हणाली, "मीच 'ने' म्हटलं होतं."

आता मी खिडकीच्या गजाला साखळीने बांधलेली आहे. टाकीपर्यंत माझा हात पोचत नाही, म्हणून कुणी हाकही मारत नाही. खारू घर सोडून गेलाय. पण दाराशी जरा पाऊल वाजलं की त्याची आई हातातलं काम थांबवते.

खारू, तू मला फसवलंस, आणि तिचं 'ने' वापरून फसवलंस. माझा राग जायचा नाही. तरी एकदा ये. माझा दुसरा तुकडा नाही मिळाला तरी चालेल, रिकाम्या हाताने ये. दारात उभा राहून एवढंच म्हण, "ठेवली गं, आई." त्या सकाळपासून ती ते ऐकायची वाट बघतेय.